ऑफिसातल्या वीस-पंचवीस मशीनला अपडेट कसं टाकायचं, काम बंद न पाडता

मार्च एंडच्या आठवड्यात कुठल्याच मशीनला अपडेट टाकायचं नाही, हे पयलं लिहून ठेवा, बाकी सगळं नंतर. मी बेळगावात उद्यमबागेत आणि तिकडं खानापूर, निपाणीपर्यंत छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर बघतो, कुठं फाउंड्रीचं ऑफिस, कुठं पतसंस्था म्हणजे सोसायटी, आणि सगळीकडं एकच ऐकायला मिळतंय, "अपडेट टाकलं की काहीतरी बंद पडतंय, मग टाकायचंच कशाला?"

कशाला ते सांगतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस आला आणि जगभर मशीन लॉक झाल्या, त्याचं पॅच, म्हणजे तो अडवणारं अपडेट, मार्चमध्येच येऊन पडलेलं, ज्यांनी टाकलं नव्हतं ते अडकले. आणि दुसरी बाजू पण आहे की, १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी सॉफ्टवेअरवाल्या कंपनीची एक चुकीची फाईल एकदम सगळीकडं गेली आणि साधारण ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर जाऊन बसल्या. म्हणजे न टाकून पण मरण आणि सगळ्यांना एकदम टाकून पण मरण. मी स्वतः एका ऑफिसात शनिवारी संध्याकाळी चौदाच्या चौदा मशीनला एकदम टाकून घरी जाऊन झोपलो होतो, सोमवारी पासबुक प्रिंटर बंद, काउंटरवर लाईन, मॅनेजर कन्नडात बोलतायत, लाईनीतली माणसं मराठीत बोलतायत, आणि दोन्ही मला नीट समजतंय. चूक माझीच होती.

तर सुरुवात यादीपासून. वहीत करा नाहीतर एक्सेलमध्ये, पण करा. मशीनचं नाव, कोण बसतंय, विंडोज कुठलं, त्याची आवृत्ती होम की प्रो, सी ड्राइव्हला जागा किती, प्रिंटर कुठला जोडलाय, टॅली आहे का, डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीत लावायचं) लागतंय का. आपल्याकडं एक कॉलम जास्तीचा लागतो, टायपिंगचा. तालुका ऑफिसला जाणारं पत्र नुडीत, म्हणजे कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाईप होतंय, मेंबरांची नोटीस मराठीत जातेय, एकाच मशीनवर दोन कीबोर्ड आणि जुने फॉन्ट बसवलेले असतात, आणि पुण्या-बेंगळुरूहून आलेला माणूस अपडेटनंतर हे कधीच तपासत नाही. विंडोज १० अजून कुठं चालू असेल तर तिथं लाल पेनानं गोल करा, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपलाय, त्या मशीनचं काय करायचं ते मालकाला वेगळं विचारावं लागेल.

यादी झाली की तीन गट पाडायचे. पयल्या गटात तुमची स्वतःची मशीन आणि ऑफिसात जो सगळ्यात जास्त कटकट करतो त्याची. चेष्टा नाही करत, गप्प बसणाऱ्याच्या मशीनवर ट्रायल घेतली तर आठ दिवसांनी कळतंय की प्रिंट येत नव्हती. दुसऱ्या गटात बाकीचे. तिसऱ्यात कॅशियर, अकाउंटंट आणि सर्व्हर.

आता पाठवायचं कसं. सर्व्हर नसेल, दहा-बारा मशीन असतील, तर विंडोजच्या सेटिंगमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू करा आणि फक्त लोकल नेटवर्कवरच्या, म्हणजे ऑफिसातल्याच, मशीनकडून घ्यायचं असं ठेवा, मग एका मशीननं उतरवलेलं दुसरी तिच्याकडूनच घेते. एक जीबीचं अपडेट वीस मशीननी वेगवेगळं उतरवलं तर वीस जीबी त्या एकाच लाईनीवरून यायला लागतंय आणि तेवढ्यात कुणाचं तरी जीएसटीचं पोर्टल अडकतंय. प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे विंडोजचे नियम ठरवायच्या जागेतून, महिन्याचं अपडेट ३० दिवसांपर्यंत पुढं ढकलता येतं, तर पयल्या गटाला शून्य दिवस, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला १४ असं ठेवलं की तुम्हाला प्रत्येक टेबलावर पळावं लागत नाही. होमला ग्रुप पॉलिसी नाही, डोमेनला, म्हणजे सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या मशीनच्या गटाला, पण जोडता येत नाही, तिथं हातानंच पॉज करत बसायचं, म्हणून नवीन मशीन घेताना मालकाला प्रोच घ्यायला लावा.

विंडोज सर्व्हर असेल तर डब्ल्यूएसयूएस आहेच, सर्व्हरवरून सगळ्या मशीनला अपडेट वाटणारी मायक्रोसॉफ्टचीच सोय. मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये सांगितलंय की त्यात नवीन काही येणार नाही, पण चालतंय अजून. त्यात वरचेच तीन गट बनवा आणि एकेका गटाला अप्रूव्ह करत जा. एक गंमत सांगून ठेवतो, एकाच मशीनची कॉपी मारून सगळ्या तयार केल्या असतील तर डब्ल्यूएसयूएसच्या लिस्टमध्ये दहाऐवजी एकच मशीन दिसते, आज हिचं नाव उद्या तिचं, कारण सगळ्यांचा आतला क्लायंट आयडी, म्हणजे ओळख नंबर, एकच असतो. तो रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदी) काढून विंडोज अपडेटची सर्व्हिस परत चालू केली की सगळ्या दिसायला लागतात.

ब्राउझर, पीडीएफ रीडर असली सॉफ्टवेअर, त्यांची एमएसआय (इन्स्टॉलची एक तऱ्हेची) फाईल मिळत असेल तर ग्रुप पॉलिसीतून जातात, मशीन चालू होताना गुपचूप बसतात. इथं नव्वद टक्के लोक एकाच ठिकाणी आपटतात, फाईलचा पत्ता झेड ड्राइव्हचा, म्हणजे सर्व्हरवरचं फोल्डर ड्राइव्हसारखं जोडलेलं असतं त्याचा, देतात. झेड ड्राइव्ह माणूस लॉगिन झाल्यावर येतो हो, इन्स्टॉल त्याच्या आधी होतंय, मग कुठून मिळणार. सर्व्हरचं नाव घालून शेअर फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या आणि त्या फोल्डरला युजरबरोबर डोमेन कॉम्प्युटर्सना पण वाचायची परवानगी द्या. टॅलीचं मात्र वेगळं, नव्या रिलीजमध्ये कंपनीचा डेटा मायग्रेट झाला की जुन्या रिलीजवाल्या मशीनला तो उघडता येत नाही, त्यामुळं तिथं गटबिट नाही, बॅकअप घेऊन एकाच संध्याकाळी सगळ्या.

वेळ कधीची? महिन्याचं मुख्य अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतंय, आपल्याकडं तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा होतात, म्हणजे बुधवारीच समजा. पयला गट लगेच, दुसरा पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी संध्याकाळी, तिसरा त्याच्या पुढच्या शनिवारी. पावसाळ्यात खानापूरकडं हेस्कॉमची लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि अपडेट अर्ध्यावर असताना मशीन बंद पडली तर रविवार गेलाच तुमचा, म्हणून यूपीएसची बॅटरी आधी बघा, पाच मिनिटं पण तग धरत नसेल तर त्या मशीनला त्या दिवशी हात लावू नका. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात, बायोसचं, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचं, अपडेट झाल्यावर कधी कधी तीच मागतंय.

आणि स्टाफला सांगायचं की शटडाउन नाही, रिस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केलेली मशीन खरं तर पूर्ण बंद होतच नाही, आणि अपडेट रिस्टार्टची वाट बघत तसंच लटकून राहतंय.

सोमवारी अर्धा तास लवकर जा. प्रत्येक गटातल्या एका मशीनवरून शेअर प्रिंटरला एक प्रिंट काढा, २०२१ च्या सप्टेंबरमधल्या अपडेटनंतर ११बी नावाची एरर येऊन कितीतरी ऑफिसांचे शेअर प्रिंटर बंद झाले होते, तेव्हापासून मी हेच पयलं बघतो. मग नुडीत एक ओळ, मराठीत एक ओळ, टॅली, टोकन. काही बिघडलं तर अपडेट हिस्टरीत जाऊन ते एकच अपडेट काढता येतं, त्याचा केबी नंबर (प्रत्येक अपडेटच्या नावात असतो) वहीत लिहा म्हणजे बाकीच्या गटांना थांबवता येईल. विंडोजचं मोठं व्हर्जनच बदललं असेल तर मागं फिरायला १० दिवस मिळतात, नंतर जुन्या फाईली साफ होतात, म्हणून नवव्या दिवशी मी एकेका टेबलावर जाऊन विचारतो, काय चालत नसेल तर आत्ताच सांगा की.