एल्कच्या शिकारीला निघताना आधी मांसाचं वजन धरा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या सरकारी जंगलात गाईडशिवाय एल्कच्या (मोठ्या आकाराच्या हरणाच्या) शिकारीला जायचं ठरलं, की सगळे नकाशावर कळप शोधत बसतात. आधी मांस गाडीपर्यंत कसं आणणार ते ठरवा. पूर्ण वाढलेला नर 300 किलोच्या आसपास भरतो. हाडं काढली तरी 80-90 किलो मांस उरतं. पाठीवर एका वेळी 25-30 किलो धरलं तर तीन-चार खेपा होतात, आणि त्या 3,000 मीटर उंचीवर, जिथे रिकाम्या हातांनीही धाप लागते. म्हणून दोघंच असाल तर गाडीपासून तीन किलोमीटरपलीकडे शिकार करू नका. दरीत खोल उतरणं तर टाळाच; परतीचा सगळा चढ ओझ्यासकट चढावा लागतो.

सप्टेंबरात दुपारी चांगलं तापतं. कातडी लगेच उतरवा आणि मांड्या-खांदे सुती पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल असे टांगा. मांस आधी नासतं ते मांडीच्या हाडालगत, तिथे उष्णता कोंडून राहते. तिथे सुरी घालून हाड मोकळं करा.

परवान्याच्या सोडतीचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतो, तेव्हा हा हिशेब मार्चमध्येच करा.