जुन्या गाडीचं स्टिअरिंग जड झालंय? रॅक बदलण्याआधी ऑइलमधली हवा काढा

"मॅडम, रॅक गेलाय." बॉनेट उघडायच्या आधीच हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं, त्याच्याकडे गाडी सोडू नका. माझ्या २००४ सालच्या डिझेल हॅचबॅकसाठी हे वाक्य मी तीन गॅरेजांत ऐकलं, एका ठिकाणी तर मजुरीसकट सोळा हजारांचा आकडाही लिहून मिळाला. रॅक, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा दांडा, अजून तोच आहे. गेली होती ती चाळीस-पन्नास रुपयांची एक नळी, आणि ती सापडेपर्यंत मी एक चांगला पंप भंगारात घातला होता.

आधी बॉनेट उघडून पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलचा डबा आहे का ते बघा. नसेल, तर तुमची गाडी बहुधा इलेक्ट्रिक स्टिअरिंगची आहे (मारुतीच्या वॅगनआर, स्विफ्टसारखी). मग बॅटरी, तिची टर्मिनलं, फ्यूज आणि डॅशबोर्डवरचा दिवा एवढंच तपासा. दिवा पेटलेला असेल तर स्कॅनर लावणाऱ्याकडे जा. पुढचं सगळं ऑइलवाल्या गाड्यांसाठी आहे: इंडिका, क्वालिस, बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, त्या काळातल्या बऱ्याचशा डिझेल गाड्या.

दहा मिनिटांत होणारी कामं

टायरची हवा: दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. त्याच वेळी आठवा, मागच्या वर्षी हौसेने रुंद टायर टाकलेत का? टाकले असतील तर स्टिअरिंग थोडं जड राहणारच.

बेल्ट (इंजिनच्या जोरावर स्टिअरिंगचा पंप फिरवणारा पट्टा): पावसात डबक्यातून गाडी गेली की स्टिअरिंग एकदम घट्ट होतं आणि मिनिटभराने सुटतं, असं होत असेल तर पुढे वाचायची गरज नाही. बेल्ट ढिला किंवा गुळगुळीत झालाय. पूर्ण वळवल्यावर किंचाळत असेल तरी तेच. बदला, पण "एकदा घट्ट आवळून टाकतो" म्हणणाऱ्याला थांबवा. फार ताणलेला बेल्ट पंपाचं बेअरिंग खातो. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने जोरात दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर खाली जायला हवा.

ऑइल: पातळी कमी असेल तर ते कुठे गळतंय ते आधी शोधा. कोणतं ऑइल ते मॅन्युअलमध्ये किंवा डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांना लाल रंगाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, होंडाला स्वतःचंच लागतं. ब्रेक ऑइल ओतू नका. कोणीही सांगितलं, अगदी तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्याने सांगितलं, तरी ओतू नका. त्याने आतली रबरी सिलं फुगतात आणि मग खरोखरच रॅक जातो. गळती थांबवणारी बाटलीबंद औषधंही मी एकदाच वापरली. पुन्हा वापरणार नाही.

चाकं उचलून बघा

ही एक चाचणी केली की निम्मा गोंधळ संपतो आणि नेमकी हीच कोणी करत नाही. मागच्या चाकांना विटा लावा, हँडब्रेक ओढा, पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून हात आत घालू नका. इंजिन बंद, पण किल्ली एक टप्पा पुढे, म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही. आता हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा.

हवेत स्टिअरिंग एकसारखं फिरलं, घट्ट दुधात पळी फिरवल्यासारखा सौम्य विरोध लागला, तर यांत्रिक भाग ठीक आहेत. दोष ऑइलच्या बाजूला आहे. हवेतही अडत असेल तर पंप आणि ऑइल विसरा.

अडण्याची तऱ्हाही लक्षात घ्या. स्टिअरिंगच्या एका पूर्ण गिरकीत दोनदा घट्ट, दोनदा सैल असं होत असेल, तर स्टिअरिंगच्या दांड्यावरचा युनिव्हर्सल जॉइंट गंजलाय, ज्याला गॅरेजमध्ये क्रॉस म्हणतात. तो ड्रायव्हरच्या पायांपाशी असतो, आणि तिथलं रबर फाटलं की पावसाळ्याचं पाणी थेट त्याच्यावर. गंज सोडवणारा स्प्रे मारला की आठवडाभर बरं वाटतं. त्या आठवडाभरातच तो बदलून घ्या, कारण तुमचे हात आणि चाकं यांच्यामध्ये तोच आहे. हे काम मी स्वतः करत नाही, तुम्हीही करू नका. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नसेल, तर बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा) किंवा स्ट्रटच्या (स्प्रिंग बसवलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) वरचं बेअरिंग बघा. गाडी खाली घ्या, कोणालातरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि पुढच्या स्प्रिंगवर बाहेरून तळवा हलकेच टेकवा. स्प्रिंग पिळली जाऊन टण्णकन उडी मारत असेल तर बेअरिंग गेलं. बोटं वेटोळ्यांच्या मध्ये घालू नका.

हवा: इथेच सगळे चुकतात

आता मूळ मुद्दा. चाकं हवेत असताना स्टिअरिंग मोकळं, बेल्ट चांगला, ऑइल भरलेलं, तरी पार्किंगमध्ये घाम फुटतो आणि वळवताना बॉनेटखालून म्हैस हंबरल्यासारखा आवाज येतो. डब्याचं झाकण उघडून बघा. लाल ऑइल सोलकढीसारखं गुलाबी आणि फेसाळ दिसलं, तर सिस्टिममध्ये हवा आहे.

पंप ऑइलला दाबतो. पूर्ण वळवताना हा दाब टायरमधल्या हवेच्या तीसपट आणि त्याहूनही जास्त होऊ शकतो. ऑइल दबत नाही, म्हणून तो जोर रॅकपर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. जोर बुडबुडे दाबण्यातच संपतो, तुमच्या हाताला काही मिळत नाही आणि पंपाच्या पात्या कोरड्या घासल्या जातात.

माझा पहिला पंप गेला तेव्हा पुण्याच्या नाना पेठेतून नवा आणला. मेकॅनिकने तो बसवला, ऑइल ओतलं, लगेच गाडी चालू केली आणि फटाफट पाच वेळा डावीकडे-उजवीकडे फिरवून "निघाली हवा" म्हणाला. निघाली नव्हती. चालू पंप म्हणजे मिक्सर. हवेचे मोठे बुडबुडे वर येऊन फुटले असते, त्यांचा त्याने ताक घुसळल्यासारखा बारीक फेस केला. असा फेस तासन्‌तास बसत नाही. संध्याकाळपर्यंत नवा पंप हंबरायला लागला आणि मला सांगण्यात आलं की माल डुप्लिकेट आहे. मी विश्वास ठेवला, दुसरा पंप घेतला.

तेव्हा नियम एकच: हवा इंजिन बंद असताना काढायची. घोड्यांवर गाडी, चाकं अधांतरी, किल्ली एक टप्पा पुढे. डबा थंड ऑइलच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, झाकण उघडं ठेवा आणि पंधरा मिनिटं काही करू नका. चहा करा.

मग एकाने आत बसायचं, दुसऱ्याने डब्यापाशी. माझ्याकडे आत मुलगा असतो. सावकाश, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला पाच-सहा सेकंद लागतील इतकं सावकाश फिरवायचं. टोकाला आपटायचं नाही, टेकलं की परत. डब्यात बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल. ती खालच्या खुणेच्या आत जाऊ द्यायची नाही, कारण तळाचं भोक उघडं पडलं की नवी हवा आत आणि सगळं पहिल्यापासून. असे निदान वीस फेरे करा. सातव्या-आठव्या फेऱ्याला "आई, झालं का?" सुरू होतं. झालेलं नसतं. पहिले दहा फेरे काहीच येत नाही आणि बाराव्याला भसकन मोठा बुडबुडा येतो, हे मी अनेकदा पाहिलंय. सलग पाच फेऱ्यांत एकही बुडबुडा नाही आणि पातळी जागची हलत नाही, तेव्हाच थांबायचं.

आता इंजिन चालू करायचं ते दोन-तीन सेकंदच, स्टिअरिंगला हात न लावता. बंद करा, डबा बघा, भरा. असं तीन-चारदा. फेस दिसला तर हट्ट करू नका, झाकण सैल ठेवून गाडी रात्रभर तशीच उभी राहू द्या. फेस नसेल तर आयडलवर, म्हणजे रेस न देता, चालू ठेवून पुन्हा सावकाश फेरे घ्या. टोकाला धरून ठेवू नका. तिथे पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबणं एरवीही वाईट, ऑइल भाजून निघतं.

हवा खरंच निघाली का, हे कानाने ठरवू नका. गाडी थोडी फिरवून आणा, इंजिन चालू असताना डब्यावर पातळीची खूण करा आणि इंजिन बंद करा. पातळी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त वर चढली तर आत दबलेली हवा आहे, ती आता सुटून फुगतेय. पुन्हा फेरे.

निघालेली हवा दोन दिवसांत परत आली तर

माझ्या दुसऱ्या पंपालाही हेच झालं, तेव्हा कुठे अक्कल आली. हवा काढली, स्टिअरिंग लोण्यासारखं झालं, तिसऱ्या दिवशी पुन्हा हंबरणं. गळती मात्र कुठेच नाही, खाली पुठ्ठा अंथरून पाहिला, थेंब नाही.

डब्याकडून पंपाकडे जाणारी जी जाड, लवचीक नळी असते, तिच्यात दाब नसतो, ओढ असते. तिथे फट पडली तर ऑइल बाहेर येईलच असं नाही. हवा मात्र आत जाते. म्हणून "गळत नाही म्हणजे नळ्या ठीक आहेत" हे वाक्य चुकीचं आहे आणि ते मला दोन अनुभवी लोकांनी सांगितलं होतं. वीस वर्षांची रबरी नळी टोकाशी लाकडासारखी कडक होते, क्लॅम्प कितीही आवळा, धरत नाही.

शोधायची युक्ती: इंजिन आयडलवर ठेवा, सैल बाह्या, ओढणी, बोटं बेल्टपासून लांब, आणि नळीच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांवर जाडसर ग्रीस थापा. आवाज कमी झाला तर चोर सापडला. इंजिन बंद करून ग्रीस पुसा आणि नळी बदला, दोन्ही क्लॅम्पसकट. ऑइलला चालणारीच नळी घ्या. गॅसची, पाण्याची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची घेतलीत तर गरम ऑइलने महिन्याभरात मऊ पडेल आणि ओढीने आतल्या आत चिकटेल. पंपाच्या तोंडाशी ओ-रिंग (गोल रबरी कडं) असेल तर तीही बदला.

नळी काढलीच आहे तर डब्याच्या तळात टॉर्च मारा. काही डब्यांत तिथे बारीक जाळी असते, काळ्या गाळाने ती बुजली की पंपाला ऑइलच पोचत नाही. डबा उलटा करून पेट्रोलने धुवा, पूर्ण वाळवा. आणि फक्त जुनं काळं ऑइल बदलायचं असेल तर नळ्यांना हातच लावू नका: मोठ्या सिरिंजने डब्यातलं ओढून काढा, नवं भरा, दोन दिवस गाडी चालवा, पुन्हा तेच. चार वेळा केलं की लाल दिसायला लागतं आणि हवा शिरत नाही.

एवढं करूनही जड असेल तर

आयडलवर जड पण थोडा रेस दिल्यावर हलकं होतंय, तर पंप झिजलाय. एकाच बाजूला वळवताना जड, दुसरीकडे ठीक, किंवा सकाळी थंड असताना घट्ट आणि चार किलोमीटरनंतर मोकळं, तर बहुधा रॅकमधला व्हॉल्व्ह किंवा त्याची सिलं. आता खुशाल रॅक उघडायला द्या. सील किटवर भागतंय का ते आधी विचारा. रॅकचं नळकांडं आतून खोबणीसारखं घासलं गेलं असेल तर मात्र किट टिकत नाही. रॅक गाडीतून उतरवला की व्हील अलाइनमेंट करावी लागते, ते पैसे आधीच बाजूला ठेवा. आणि बसवल्यावर हवा काढायची वेळ आली की गाडीपाशी उभ्या राहा, किल्ली तुमच्या हातात ठेवा.