नदी आटली की उपसा जपून: शहराच्या खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांसाठी सल्ला

उन्हाळ्याच्या शेवटी नदीला वरून येणारं पाणी जवळजवळ थांबतं. तरीही शहराच्या खाली धार चालू दिसते, कारण ती बहुतेक शहराच्या सांडपाण्याचीच असते. प्रक्रिया केंद्र नीट चालत असेल तर त्यातला गाळ आणि कुजणारा भाग बराच कमी झालेला असतो. विरघळलेलं मीठ मात्र तसंच खाली येतं आणि नत्रही बरंच उरतं. त्यामुळे हे पाणी शेतात घ्यायचं तर त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

आधी खताचं बघा. एका एकराला 5 सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण 2 लाख लिटर. लिटरमागे 30 मिलिग्रॅम नत्र असेल तर एका पाळीत 6 किलो नत्र जमिनीत जातं, म्हणजे सुमारे 13 किलो युरिया. सहा पाळ्यांत ते 78 किलोंवर जातं. त्यावर नेहमीची मात्रा टाकली की पीक हिरवंगार माजतं, मावा वाढतो, पीक लोळतं आणि पक्व व्हायला उशीर होतो. पाणी तपासून घ्या आणि तेवढा युरिया कमी करा. याच तपासणीत क्षारताही, म्हणजे पाण्यात विरघळलेलं मीठ किती तेही, कळते. ती 0.7 डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर काळजी नाही. 3 च्या वर असेल तर ते पाणी नेहमीसाठी वापरू नका.

कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना, म्हणजे काकडी, गाजर, पालेभाज्यांना, हे पाणी मी देणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1989 साली अशा पिकांसाठी 100 मिलिलिटरमागे 1000 विष्ठाजन्य जिवाणूंची मर्यादा सांगितली होती. नुसतं पाणी बघून ती पाळली गेली का, हे कुणालाही सांगता येत नाही. चारा, कापूस, झाडं यांना ते चालेल, पण तुषार सिंचनाने नको. शेततळं असेल तर पाणी त्यात 8 ते 10 दिवस साठवा. जंतांची अंडी तळाला बसतात. उपसताना तळ ढवळू नका. ठिबक असेल तर गाळणी रोज धुवा, नाहीतर नळ्यांत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. बारं धरताना, म्हणजे शेतात पाणी फिरवताना, पायात गमबूट हवेतच, कारण अंकुशकृमी हा आतड्यातला जंत उघड्या पायाच्या कातडीतून शिरतो.

मोटर सुरू करण्याआधी पहाटे एकदा काठावर जाऊन या. मासे वर येऊन तोंड उघडून धापा टाकत असतील तर पाण्यातला प्राणवायू संपत आलाय. रात्रभर शेवाळ आणि जिवाणू तो वापरतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. माशांना लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या आसपास लागतो, 2 च्या खाली गेला की बहुतेक मासे मरतात. असं दिसलं तर वरून बहुधा कच्चं सांडपाणी सुटलंय. त्या दिवशी उपसा थांबवा आणि केंद्राला लगेच कळवा. वीज गेल्यावर किंवा पंप बिघडल्यावर मैला तसाच नदीत सुटतो, आणि खालचा माणूस बोलला नाही तर तो दिवसेंदिवस सुटत राहतो.

पहिल्या पावसाचं काळं, फेसाळ पाणी अजिबात घेऊ नका. नाल्यांत साठलेला गाळ तेव्हा एकदम खाली येतो. पाणी निवळेपर्यंत थांबा.

आपल्याही बाजूने नदीत काही जाऊ देऊ नका. पहिला मोठा पाऊस पडून जाईपर्यंत युरिया फेकू नका आणि काठालगत काही मीटर गवताची पट्टी न नांगरता ठेवा. वाहून येणारी माती आणि तिला चिकटलेलं स्फुरद तिथेच अडतं.