किट उघडण्याआधी: जुन्या फार्गोच्या इग्निशनची तयारी

पॉइंटच्या (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या जुन्या संपर्कांच्या) जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट मागवण्याआधी बॅटरी पुसून घ्या आणि तिचं कुठलं टोक चासीला जोडलंय ते बघा. १९५० च्या सुमाराच्या डॉज-फार्गो पेट्रोल ट्रकांचं वायरिंग मूळचं ६ व्होल्टचं आणि पॉझिटिव्ह अर्थचं, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक चासीला. पण इतक्या वर्षांत कुणी १२ व्होल्ट केलेलं असतं, कुणी टोकं उलटवलेली असतात. किट व्होल्टेज आणि अर्थ दोन्ही बघूनच घ्यायचं; उलटं जोडलं तर मॉड्युल, म्हणजे किटमधला इलेक्ट्रॉनिक भाग, जळून जातो.

मग डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं करंट वाटणारा भाग. यावर घाई करू नका. कॅप काढा, शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवा. खडखड जाणवली तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) गेलाय. आधी लेथवाल्याकडून नवा बुश करून घ्या. पॉइंट काढून किट बसवलं तरी हलत्या शाफ्टचं टायमिंग हलतंच, आणि मग लोक किटला नावं ठेवतात. रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेनं किंचित मुरडून सोडा, स्प्रिंगनं आपसूक मागे यायला हवा. नाही आला तर वेगाप्रमाणे टायमिंग पुढे नेणारी आतली वजनं जुन्या ग्रीसमध्ये अडकली आहेत. व्हॅक्यूमची नळी तोंडानं ओढून बघा; हवा सरळ येत राहिली तर डायाफ्राम फाटलाय.

कॅपच्या आत केसाएवढी काळी रेघ दिसली तर कॅप बदलाच. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत करंट त्याच रेघेवरून पळतो आणि इंजिन मिसिंग करतं. तांब्याच्या तारेच्या जुन्या प्लग वायरीही काढा, रेझिस्टन्सवाल्या घ्या, नाहीतर ठिणगीचा त्रास मॉड्युलला होतो. कॉइल किती ओहमची हवी ते किटच्या कागदावर बघून मल्टिमीटरनं मोजा. मीटर आणि टर्मिनल लॅमिंग्टन रोडला मिळतील. जुन्या सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चक्कर मारा. ६ व्होल्ट ठेवणार असाल तर जाड केबल घ्या, कारण तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो.

वायरी उपटण्याआधी फोटो काढा, प्रत्येकीला नंबरची चिठ्ठी लावा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम, १-५-३-६-२-४. मग पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा, दुसऱ्या कुणाला हळूहळू हँडल मारायला सांगा. अंगठा दाबानं उचलला गेला की पुलीची खूण जुळवा आणि रोटरचं तोंड कुठे आहे ते बॉडीवर खडूनं लिहा.

इंजिन बंद असताना चावी चालू सोडू नका, कॉइल तापते आणि मॉड्युल जातं. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

जुनी पॉइंटची प्लेट, कंडेन्सर, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि चपटा स्क्रूड्रायव्हर एका डब्यात घालून सीटखाली ठेवा. कसारा घाटात मॉड्युल गेलं, तर जुनी प्लेट बसवून, पॉइंटला २० थाऊचा (इंचाचे २० हजारांश) गॅप लावून ट्रक त्याच रात्री घरी येतो.