गावच्या म्युझियममध्ये विज्ञानातल्या बायकांचं प्रदर्शन लावायचंय? हार-फोटोच्या पुढे जाऊन कसं करायचं ते सांगते

आमच्या तालुक्याच्या छोट्या म्युझियममध्ये पहिल्यांदा महिला वैज्ञानिकांचं प्रदर्शन लावलं तेव्हा आम्ही बारा फोटो फ्रेम करून ओळीने भिंतीवर टांगले, प्रत्येकीखाली नाव, जन्म, मृत्यू, पुरस्कार, आणि उद्घाटनाला प्रत्येक फोटोला झेंडूचा हार. सातवीची पहिली तुकडी आली, चाळीस पोरं, आणि सात मिनिटांत सगळं बघून बाहेर पायऱ्यांवर बसून डबे उघडलेसुद्धा. एक मुलगी तेवढी मागे राहिली होती, तिने विचारलं, "मॅडम, पण यांनी केलं काय?" आणि खरंच, बारा पॅनेलांमध्ये त्याचं उत्तर कुठेच नव्हतं. "पहिली महिला अमुक, पहिली महिला तमुक" एवढंच सगळीकडे. त्यानंतर दरवर्षी आम्ही त्या एका प्रश्नावर प्रदर्शन उभं करतो, म्हणून ही पद्धत लिहून ठेवतेय, कोणाला करायचं असेल तर उपयोग होईल.

आधी तारखा. बहुतेक ठिकाणी 8 मार्चला एक दिवस कार्यक्रम होतो, भाषणं, सत्कार आणि संपलं. त्यापेक्षा 11 फेब्रुवारी ते 11 मार्च असा महिनाभर घ्या. 11 फेब्रुवारी हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला विज्ञानातल्या महिला आणि मुलींचा दिवस, 26 फेब्रुवारी आनंदीबाई जोशींची पुण्यतिथी, 28 फेब्रुवारी राष्ट्रीय विज्ञान दिन, मग 8 मार्च, आणि 11 मार्च म्हणजे 1886 साली आनंदीबाईंना फिलाडेल्फियात डॉक्टरची पदवी मिळाली तो दिवस. सगळं आपसूक एका महिन्यात बसतं. शाळांना विज्ञान दिनासाठी काहीतरी करायचंच असतं, त्यामुळे मुख्याध्यापकांना पत्र जानेवारीतच द्या, परीक्षा सुरू झाल्या की कोणी येत नाही. आणि म्युझियमची साप्ताहिक सुट्टी कधी ते पत्रात लिहा, आमच्याकडे एकदा एक एसटी भरून मुलं सोमवारी येऊन परत गेली, फार वाईट वाटलं होतं.

मग ठरवा किती जणी. चार, फार तर पाच. बारा-पंधरा घेतल्या की प्रत्येकीच्या वाट्याला चार ओळी येतात आणि त्या चार ओळी पुरस्कारांतच संपतात. आणि "पहिली" या शब्दात अडकू नका असं मी मनापासून सांगेन. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच 1886 साली कोलकात्यात कादंबिनी गांगुलींनीही डॉक्टरकीचं शिक्षण पूर्ण केलं. अशा वेळी पहिली कोण यावर वाद घालत बसण्यापेक्षा दोघींना काय काय पार करावं लागलं ते सांगा.

प्रत्येकीसाठी भिंत नको, टेबल द्या. टेबलावर हाताने करून बघण्यासारखी एक गोष्ट आणि मागे एकच पॅनेल, बस्स. आम्ही काय काय ठेवतो ते सांगते.

कमला सोहोनींचं टेबल सगळ्यात जास्त गर्दीचं असतं. कमलाबाई म्हणजे माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवतांची बहीण. 1933 साली मुंबई विद्यापीठातून चांगल्या मार्कांनी बी.एस्सी. झाल्या आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला, तर तेव्हाचे संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी आहे म्हणून नाही म्हटलं. त्या थेट बंगळुरूला गेल्या, सत्याग्रह करीन म्हणाल्या, शेवटी प्रवेश मिळाला पण अटी घालून, पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये वगैरे. त्यांनी काम करून दाखवलं, तिथे दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं, आणि त्यानंतर तिथे मुलींना दार उघडलं. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करता करता त्यांनी दाखवलं की सायटोक्रोम सी हे पेशीच्या श्वसनात लागणारं प्रथिन वनस्पतींमध्येही असतं, 1939 साली पीएच.डी., प्रबंध जेमतेम 40 पानांचा.

आता हे मुलांना कसं दाखवायचं? दोन ताटल्या घ्या, एकीत कच्च्या बटाट्याच्या चकत्या, दुसरीत उकडलेल्या. मेडिकलमध्ये जखम धुवायला हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, त्याचे थेंब ड्रॉपरने दोन्हींवर टाका. कच्च्यावर लगेच पांढरा फेस फसफसून वर येतो, कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते, आणि उकडलेल्यावर जवळपास काहीच होत नाही, कारण उष्णतेने आतलं एन्झाइम, म्हणजे पेशीतली क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन, मेलेलं असतं. पण इथे प्रामाणिक राहा. हा फेस कॅटालेज नावाच्या एन्झाइममुळे येतो, कमलाबाईंनी दाखवलं ते सायटोक्रोम सी वेगळं, ते असं डोळ्यांना दिसत नाही. पॅनेलवर हे स्पष्ट लिहा. "बटाट्याच्या आत अशी कामं करणारी कितीतरी प्रथिनं असतात, त्यातलं एक कमलाबाईंनी शोधलं" एवढं सांगितलं की मुलांना बरोबर कळतं. चष्मा नाहीतर गॉगल घालायला लावा, ड्रॉपर मोठ्या माणसाच्या हातात, आणि बटाटे दर तासाला बदला, काळे पडतात.

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भेसळ तपासायचा कोपरा करा. कमलाबाई पुढे मुंबईत प्राध्यापक आणि संचालक होत्या, नीरेच्या, म्हणजे ताड-माडाच्या ताज्या गोड रसाच्या, पोषणमूल्यावर त्यांचं मोठं काम आहे, आणि ग्राहक चळवळीतही त्या होत्या. दूध उकळून गार करून त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, पिठाची भेसळ असेल तर निळं होतं. एका वाटीत तुम्हीच चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून ते दूध उकळून ठेवा, एका वाटीत साधं दूध. बचत गटातल्या बायका शनिवारी दुपारी येतात त्या या कोपऱ्यावरून हलत नाहीत, घरून दुधाची पिशवी घेऊन परत येतात.

एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते. विज्ञान दिन रामन इफेक्टचा, म्हणजे प्रकाश विखुरताना त्यातल्या थोड्याचा रंग बदलतो या रामन यांच्या शोधाचा, त्याच हॉलमध्ये कमलाबाईंना रामननी नाकारल्याची गोष्ट, मग कोणीतरी म्हणणारच की एवढ्या मोठ्या माणसाबद्दल हे कशाला. आम्हालाही एकाने ते पॅनेल काढायला सांगितलं होतं. काढू नका. दोन्ही खरं आहे, शोध मोठा होता आणि मुलींच्या बाबतीत चूक झाली होती, आठवीच्या मुलांना हे दोन्ही एकत्र अगदी व्यवस्थित समजतं.

आणि तिथून शेजारच्या टेबलावर जाता येतं, कारण अ‍ॅना मणी पुढे त्याच रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या प्रकाशावर काम करत होत्या. पाच वर्षांचं संशोधन, प्रबंध तयार, पण एम.एस्सी. नाही म्हणून विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. त्या मूळच्या केरळच्या, पण 1948 पासून पुण्याच्या वेधशाळेत होत्या. तोपर्यंत साधी हवामानाची उपकरणंही बाहेरून यायची. त्यांनी जवळपास 100 उपकरणांची ड्रॉइंग प्रमाणित करून ती इथे बनवायला घेतली, आणि 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, म्हणजे अनेक देशांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास केला तेव्हा, ऊन मोजणारी केंद्रं देशभर उभी केली. मोजमाप चुकीचं असेल तर न मोजलेलं बरं, अशी त्यांची शिस्त.

ही शिस्त दाखवायला तीन भांडी लागतात. एक रुंद सरळ उभ्या भिंतीचा डबा, एक अरुंद पण तसाच सरळ डबा, आणि एक वर रुंद, खाली निमुळता स्टीलचा ग्लास. अंगणात तिन्ही जवळजवळ ठेवा आणि झाडांना पाणी घालायची झारी सारखी फिरवत वरून पाऊस पाडा. मग पट्टीने उंची मोजायला सांगा. त्याआधी विचारा, कशात जास्त पाणी चढेल? बहुतेक सगळे म्हणतात रुंद डब्यात. मोजल्यावर दोन्ही सरळ डब्यांत जवळपास सारखंच निघतं, आणि ग्लासात जास्त, कारण तोंड मोठं आणि पाणी जमतं खालच्या अरुंद जागेत. तिथे पोरं थांबतात, परत मोजतात, झारी हिसकावून घेतात. मग खडूने एक मीटर बाय एक मीटर चौकोन काढा, त्यात एक लिटरची बाटली ठेवा आणि सांगा, एवढ्या जागेवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. टीव्हीवर "100 मिलिमीटर पाऊस" ऐकतात त्याचा अर्थ त्या दिवशी पहिल्यांदा कळतो, मोठ्यांनासुद्धा.

आनंदीबाईंसाठी टेबल नको, एकच फोटो मोठा करा, तीन बाय दोन फूट तरी. 10 ऑक्टोबर 1885 चा आहे, तीन विद्यार्थिनी, नऊवारीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, आणि सीरियातल्या दमास्कसच्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या कपड्यांत. खाली जगाचा नकाशा लावा आणि तिन्ही ठिकाणांहून फिलाडेल्फियापर्यंत लाल दोरा ताणा, मुलांनाच ताणायला सांगा. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं, तिथून डॉक्टर व्हायचं मनात आलं, 1883 मध्ये कोलकात्याहून नवऱ्याशिवाय बोटीने निघाली, प्रबंध लिहिला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर, कोल्हापूरच्या हॉस्पिटलात नेमणूक झाली आणि काम सुरू करण्याआधीच, बावीस पूर्ण व्हायच्या आत, क्षयाने गेली. हे सगळं सांगायला हार लागत नाही. त्या फोटोसमोर खुर्च्या ठेवा, लोक बसतात.

इरावती कर्वे आणि कमल रणदिवे यांना आम्ही आलटून पालटून घेतो. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ, त्यांनी बर्लिनमध्ये गोऱ्यांची कवटी वेगळी असते या आपल्याच मार्गदर्शकाच्या म्हणण्यासाठी कवट्या मोजल्या आणि ते खरं निघत नाही असं लिहून दिलं, केवढं धाडस. कमलताईंनी मुंबईत कॅन्सरवर काम केलं, टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायची, लॅब उभारली, आणि 1973 मध्ये इतर जणींबरोबर भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली. त्यांच्या टेबलावर मायक्रोस्कोप आणि कांद्याचा पापुद्रा, आयोडीनचा थेंब टाकून, पेशी स्वच्छ दिसतात.

आता सगळ्यात मेहनतीचं आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचं टेबल, आपल्या गावचं. पुस्तकातल्या चौघींबरोबर आपल्या तालुक्यातली एक तरी हवीच. राहीबाई पोपेरेंनी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात गावरान बियाणं जपून बँक केली, 2020 ची पद्मश्री जाहीर झाली, ते उदाहरण सांगून आम्ही गावोगावच्या बायकांना बी आणायला सांगतो. काचेच्या छोट्या बाटल्या, आत घेवडा, वाल, नाचणी, लेबलवर वाणाचं नाव, गाव, आणि आणणारीचं नाव तिला विचारून. त्याशिवाय लॅब टेक्निशियन, नर्स, कृषी विद्यापीठातून रिटायर झालेल्या बाई, शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या बाई, यांच्याकडे जा. "तुमचं योगदान काय" असं विचारू नका, त्या "छे, मी काय केलं" म्हणून गप्प बसतात. "सकाळी गेल्यावर पहिलं काम काय असायचं?" असं विचारा.

आमच्याकडे पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम केलेल्या एक काकू आहेत. त्यांनी हा प्रश्न ऐकला आणि आत जाऊन लाकडी वजनपेटी घेऊन आल्या. आत मखमलीच्या खळग्यांत पितळेची वजनं मोठ्यापासून छोट्यापर्यंत, आणि एक चिमटा. मी वजन उचलायला बोटं पुढे केली तर हात धरला माझा. "बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, चिमट्यानेच." मग तासभर बोलत होत्या, सकाळी तराजू लेव्हलला आणायचा, पंखा बंद करायचा, मे महिन्यातसुद्धा, कारण वाऱ्याने काटा हलतो. ते सगळं त्यांच्याच शब्दांत पॅनेलवर घेतलं, आणि शनिवारी त्या स्वतः टेबलाशी बसतात. मुलं रांग लावतात चिमट्याने वजन उचलायला.

वस्तू कोणाकडून आणलीत तर दोन प्रतींत पावती करा, फोटो काढून, आधीच कुठे टवका असेल तर लिहून. जुन्या कागदांना फेविकॉल, सेलोटेप अजिबात नको, रंगीत झेरॉक्स लावा आणि मूळ कागद घरी सुरक्षित राहू द्या. इंटरनेटवरचे फोटो दोन-तीन ठिकाणी ताडून बघा, आम्ही एकदा भलत्याच बाईंचा फोटो छापून आणला होता आणि सगळं सनबोर्ड वाया गेलं. पॅनेलचा मजकूर साठ-सत्तर शब्दांच्या वर नको, अक्षर चार पावलांवरून वाचता यायला हवं, आणि पॅनेलचा मध्य साधारण चार फुटांवर, कारण तुमचे बहुतेक वाचक पाचवी ते आठवीतले आहेत. पॅनेलला गुलाबी रंग आणि फुलांची नक्षी देऊ नका, प्रिंटिंगवाले आपणहून देतात, प्रूफ बघा.

गाइड म्हणून नववीची मुलं घ्या, मुली आणि मुलगे दोन्ही. मुलग्यांनी कमलाबाईंचं टेबल समजावून सांगणं मला फार आवश्यक वाटतं. पाठांतर नको, दोन रविवार त्यांच्याकडून प्रयोग करून घ्या, तीन प्रश्न तयार ठेवा, बाकी त्यांच्यावर सोडा.

अभिप्राय वहीत "छान उपक्रम" असं पान पान भरतं, त्याऐवजी वहीच्या वर एक प्रश्न चिकटवा: तुमच्या ओळखीतल्या कोणत्या बाईने लॅबमध्ये, दवाखान्यात, वेधशाळेत किंवा शेतावर मोजमापाचं, तपासणीचं काम केलंय? ती कुठे राहते? पुढच्या वर्षीचं गावचं टेबल या वहीतूनच मिळतं. 11 मार्चला आवराआवर झाली की वही म्युझियमच्या कपाटात न ठेवता तुमच्याजवळ ठेवा, आणि एप्रिलच्या सुट्टीत त्यातल्या पहिल्या तीन पत्त्यांवर जाऊन या.