इटली-जर्मनीचं एकीकरण लिहिताना या चुका टाळा

दरवर्षी तेच. स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे पेपर तपासायला घेतले की पहिलं वाक्य ठरलेलं, "इटलीतील जनतेने एकजुटीने परकीय सत्तेविरुद्ध उठाव केला व १८६१ मध्ये देश एक झाला." एकजूट नव्हती, परकीय सत्ता म्हणजे ऑस्ट्रिया, पण नेपल्सचा राजा ऑस्ट्रियन नव्हता, आणि १८६१ ला देश पूर्णही झाला नव्हता. एका वाक्यात एवढं सगळं चुकतं कारण वाक्य शॉर्ट नोट्सच्या पीडीएफमधून उचललेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे देश एका दिवसात तयार झाला असं समजणं. माझ्या बॅचमधल्या एका हुशार मुलाला मॉक इंटरव्ह्यूत विचारलं, १८६१ ला इटलीची राजधानी कुठली? तो ठामपणे म्हणाला, रोम. मग म्हटलं, २० सप्टेंबर १८७० ला इटलीच्या सैन्याने पोर्ता पियाजवळ तोफा डागून भिंत फोडली ती कुठल्या शहराची? पोरगा गप्प. त्याने नकाशा बघितला होता पण एकाच रंगातला, आजच्या इटलीचा. ती भिंत रोमची, तोवर रोम पोपच्या ताब्यात होतं. राजधानी तेव्हा तुरीन होती, १८६५ ला फ्लॉरेन्सला गेली, रोम १८७१ ला.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला ट्रेसिंग पेपर घ्यायला लावतो. एकीकरणाचं नेतृत्व करणारं पिडमाँट-सार्डिनियाचं राज्य आधी रंगवायचं, मग १८५९ ला लोम्बार्डी, मार्च १८६० च्या सार्वमतानंतर टस्कनी, पार्मा, मोडेना, त्याच वर्षी स्वयंसेवकांचा सेनानी गॅरिबाल्डी याच्या मोहिमेनंतर सिसिली आणि नेपल्स, १८६६ ला व्हेनिस, १८७० ला रोम, प्रत्येक तुकड्यावर साल. आणि खोडरबरही लागतो, कारण १८६० मध्येच नीस आणि सव्हॉय ऑस्ट्रियाविरुद्धच्या मदतीच्या बदल्यात फ्रान्सला गेले. नीस म्हणजे गॅरिबाल्डीचं जन्मगाव, ते खोडताना मुलांना त्याचा पिडमाँटचा पंतप्रधान काव्हूर याच्यावरचा राग आपोआप कळतो. याला दोन तास जातात. मुलं म्हणतात सर यूट्यूबवर दहा मिनिटांत होतं. होत नाही, कारण व्हिडिओत रंग दुसरं कोणीतरी भरतं.

दुसरी चूक, इटली आणि जर्मनी दोन वेगळी प्रकरणं म्हणून पाठ करणं. १८६६ मध्ये इटली ऑस्ट्रियाकडून कुस्तोझाला जमिनीवर आणि लिसाला समुद्रात हरली, तरी व्हेनिस मिळालं. का? कारण जर्मनीचं एकीकरण घडवणाऱ्या प्रशिया या जर्मन राज्याने ३ जुलैला क्योनिगग्रेट्झला ऑस्ट्रियाला हरवलं होतं. १८७० ला रोम मिळालं कारण पोपच्या रक्षणासाठी ठेवलेलं फ्रेंच सैन्य प्रशियाशी लढायला परत बोलावलं गेलं. दोन्ही कालरेषा एका पानावर शेजारी शेजारी काढा, मी आजही फळ्यावर तशाच काढतो.

आणि त्या १८६६ च्या लढाईला "जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया" लिहू नका हो. बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर ही जर्मन राज्यं ऑस्ट्रियाच्या बाजूने होती, आणि हॅनोव्हर तर प्रशियाने जिंकून सरळ गिळलं. एकीकरण म्हणताना कोणाचं कोणी काय गिळलं हे लिहिलं तरच उत्तराला अर्थ आहे.

बाकीच्या पटापट सांगतो. १८६७ च्या आधी "ऑस्ट्रिया-हंगेरी" लिहायचं नाही. सार्डिनियाच्या राज्याचा कारभार तुरीनहून चालायचा, बेटावरून नाही. जर्मन साम्राज्याची घोषणा १८ जानेवारी १८७१ ला व्हर्सायला म्हणजे फ्रान्समध्ये झाली, पण फ्रान्सशी तह त्या मे महिन्यात फ्रँकफुर्टला झाला, व्हर्सायचा तह १९१९ चा.

एक मात्र आपली खास मराठी चूक आहे, सगळं श्रेय इटलीचा क्रांतिकारक विचारवंत मॅझिनी याला देण्याची. सावरकरांनी १९०७ मध्ये त्याला मराठीत आणलं, त्यामुळे तो आपल्याला जवळचा, मलाही आहे. १८३१ ला मार्सेलमध्ये 'यंग इटली' ही संघटना काढून त्याने ध्येय दिलं हे खरंच. पण त्याला प्रजासत्ताक हवं होतं आणि झालं ते राजाचं राज्य. १८७२ मध्ये पिसाला तो वारला तेव्हा एक झालेल्या त्याच इटलीत खोट्या नावाने राहत होता. मॅझिनीवर प्रेम असेल तर उत्तरात हेही लिहा.