जगाचा इतिहास कसा शिकवावा: कापसाच्या एका धाग्याचे उदाहरण

अकरावी-बारावीच्या वर्गात जगाचा इतिहास शिकवायला घेतला की शिक्षकापुढे पहिली अडचण उभी राहते ती विस्ताराची. युरोपातील प्रबोधन, वसाहतवाद, दोन महायुद्धे, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध असा मोठा पट असतो आणि तासिका मोजक्याच. सगळे सारख्याच वेगाने शिकवले तर मुलांच्या हाती केवळ सनावळी उरते. म्हणून वर्षातून निदान एक घटक संथपणे, एखाद्या वस्तूचा माग काढत शिकवावा, आणि कारणांचा शोध घेण्याची जी सवय त्यातून लागेल तिच्या बळावर बाकीचे घटक पुढे न्यावेत, असा माझा आग्रह आहे. येथे त्यासाठी कापूस निवडला आहे. पाच-सहा तासिकांत हा घटक पुरा होतो.

नियोजनाच्या वहीत सर्वांत आधी एक प्रश्न लिहावा: अमेरिकेतील युद्धाचा पुण्याजवळच्या शेतकऱ्याशी काय संबंध? घटकातील प्रत्येक तपशील या प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहावा आणि जो उपयोगी पडत नाही तो निर्धाराने गाळावा. अमेरिकन यादवी युद्धातील लढायांची यादी येथे लागत नाही, परंतु दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी मात्र लागते.

पहिल्या तासिकेला व्याख्यान देऊ नये. फळ्यावर दोनच आकडे लिहावेत: 1861 साली ब्रिटनमध्ये अमेरिकेतून कापसाच्या 20 लाखांहून अधिक गाठी आल्या, आणि 1862 साली आल्या सुमारे 55 हजार. मग मुलांना विचारावे, की एका वर्षात असे काय घडले असेल? दुष्काळ, कीड, जहाजे बुडाली, भांडण झाले, अशी जी उत्तरे येतील ती सगळी फळ्यावर मांडावीत आणि कोणते उत्तर कशाने तपासता येईल हेही मुलांकडूनच काढून घ्यावे. त्यानंतरच एप्रिल 1861 मध्ये सुरू झालेले यादवी युद्ध आणि लिंकन यांनी पुकारलेली नाकेबंदी सांगावी. स्वतः अंदाज बांधलेला असला की मूल खरे कारण कान देऊन ऐकते.

दुसऱ्या तासिकेला जगाचा आराखडा नकाशा प्रत्येक गटाला द्यावा. त्यावर अमेरिकेची दक्षिणेकडील राज्ये, लिव्हरपूल, मँचेस्टर, मुंबई, वऱ्हाड, खानदेश आणि इजिप्त ही ठिकाणे दाखवून युद्धापूर्वीचा आणि युद्धकाळातील कापसाचा प्रवास दोन रंगांनी काढायला सांगावा. सुएझ कालवा 1869 साली खुला झाला, त्यामुळे युद्धकाळात मुंबईची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात होती; ही गोष्ट मुलांनी नकाशावर बोट फिरवून अनुभवावी. अमेरिकेचा कापूस थांबल्याने ब्रिटनला भारताचा कापूस हवा झाला, त्यातून मुंबईत पैशाचा ओघ वाढला, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांवर लोक तुटून पडले आणि 1865 मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला, एवढे येथे थोडक्यात सांगितले तरी पुरे.

तिसऱ्या तासिकेला अधिक वेळ द्यावा, कारण भाव आणि गाठी यांच्या हिशेबात माणसे हरवण्याचा धोका येथेच असतो. अमेरिकेतील तो कापूस वेचत होते गुलामगिरीत डांबलेले आफ्रिकी वंशाचे लोक. कापसातून सरकी वेगळी करणारे एली व्हिटनी यांचे यंत्र 1793 साली आले. कष्ट कमी करणाऱ्या यंत्राने गुलामगिरी कमी होईल असे मुलांना वाटते, परंतु अमेरिकेच्या जनगणनेत 1790 साली गुलामांची संख्या सुमारे 7 लाख होती, ती 1860 साली 39 लाखांच्या पुढे गेली. सरकी झटपट निघू लागल्यामुळे लागवड परवडू लागली, आणि शेतात राबायला हात अधिक लागू लागले. हे मुलांनी स्वतः उलगडावे. या विषयावर नाट्यीकरण मात्र करू नये. मालक आणि गुलाम यांची सोंगे वर्गात घेतल्याने वेदना समजत नाही, उलट ती स्वस्त होते. त्याऐवजी दोन घटना शेजारी ठेवाव्यात. कापसाअभावी उपासमार सोसणाऱ्या मँचेस्टरच्या कामगारांनी 1862 च्या अखेरीस लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले. आणि 1873 साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. पुण्यातील माणसाला ती लढाई आपली का वाटली, या प्रश्नावर वर्ग कितीही वेळ बोलू द्यावा.

चौथ्या तासिकेत मूळ प्रश्नाकडे परतावे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हस्तगत करून जाळले, आणि हे लोण अहमदनगरपर्यंत पोहोचले. युद्धकाळात सहज मिळणारे कर्ज, नंतर उतरलेले भाव, नव्या जमाबंदीत (जमिनीवरील कराच्या फेरआकारणीत) वाढलेला सारा आणि सावकारांचे व्यवहार अशी चार कारणे चार चिठ्ठ्यांवर लिहून गटांना द्यावीत आणि त्यांचा क्रम लावून समर्थन करायला सांगावे. येथे शिक्षकाने मुद्दाम अडथळा आणावा: कापसाचे मुख्य पट्टे वऱ्हाड-खानदेशातले, उठाव मात्र पुणे-नगर भागात, शिवाय युद्ध संपून दहा वर्षे झालेली, मग संबंध नेमका कोणता? ‘युद्ध झाले म्हणून उठाव झाला’ हे सरळ वाक्य टिकत नाही आणि पैसा, कर्ज व सारा यांची साखळी शोधावी लागते.

त्याच वेळी साधनांची पारख शिकवता येते. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने सरकारची सारावसुली हे उठावाचे कारण नसून दोष सावकारांचा आहे, असा निष्कर्ष काढला. आयोग कोणी नेमला आणि या निष्कर्षाने कोणाची सोय झाली, हे विचारावे. मात्र सरकारी म्हणून अहवाल फेकूनही देऊ देऊ नये, कारण त्या अहवालासाठी घेतलेल्या जबाबांतच शेतकऱ्यांचे बोलणे पुष्कळसे जपले गेले आहे.

वेळ उरल्यास इजिप्तशी तुलना करावी. तेथेही याच काळात कापसाने पैसा आणला, राज्यकर्त्यांनी अफाट कर्ज काढले, 1876 साली देश दिवाळखोर झाला आणि 1882 साली ब्रिटिशांनी तो ताब्यात घेतला.

मूल्यमापनासाठी ‘टिपा लिहा’ टाळावे. न पाहिलेली एखादी छोटी आकडेवारी द्यावी आणि तिच्यावरून काय सांगता येते व काय सांगता येत नाही, हे दोन परिच्छेदांत लिहायला सांगावे. गुण देताना निष्कर्षापेक्षा पुराव्याशी असलेल्या मेळाला अधिक वजन द्यावे, आणि ‘यावरून हे सांगता येत नाही’ असे कारणासह लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यायला कचरू नये.